दोरीचं दुसरं टोक

अजून ताटं उचलायची होती
तोवर व्हर्लिननं नकाशा पसरला.
एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर केचपची,
तिसऱ्यावर त्याचा चष्मा, चौथा मी धरलेला,
एकेचाळीस वर्षं धरलाय तसाच.

टायरच्या कारखान्यानं त्याला
एक घड्याळ दिलं, एक कमी ऐकणारा कान,
आणि महिन्याकाठी इतकंच पेन्शन
की अ‍ॅक्रनमधल्या घराचा कर भरून झाला
की उरलेल्यात माणसानं नुसतं खिडकीशी बसावं.

म्हणून तांबडी पेन्सिल हरणांसाठी,
निळी ट्राउट माशांसाठी,
आणि एक बुटकी, चावलेली शिसपेन्सिल
कर, वीज, जळाऊ लाकडाच्या हिशेबाची.
मोंटाना: डोंगर फुकट बघायला मिळतात,
पायथ्याची जमीन मात्र पैसेवाल्यांनी कधीच उचललेली.
आर्कन्सॉ: स्वस्त. पण गोचिड्या, आणि माझी बहीण.
मेन: परवाना बाहेरच्याला महाग,
आणि बाहेरचेपण फिटायला तिथे, म्हणतात,
तीन पिढ्या लागतात.
मिशिगनचं वरचं टोक, सरोवराच्या पाठीवर:
घर आमच्या जुन्या ट्रकच्या किमतीत.
"एवढं स्वस्त का?" मी विचारलं.
"बर्फ," तो म्हणाला, जणू बर्फ म्हणजे
भिंतीला आलेली थोडी ओल.

मी एकच वर्तुळ काढलं, भुवयांच्या पेन्सिलनं:
इस्पितळापासून चाळीस मिनिटं.
त्याची निम्मी हरणं बाहेर पडली.
तो काही बोलला नाही. खोडरबरही मागितलं नाही.

त्या रात्री गॅरेजमधला दिवा विझेना.
जाऊन पाहिलं तर तो दोरी उलगडत होता,
ऑर्विल स्टॅम्परची पिवळी नायलॉनची दोरी,
तिच्या पिळात अजून करडे केस अडकलेले.
सव्वीस हंगाम त्या दोघांनी
मारलेलं हरीण रानातून ओढत आणलं,
एक टोक याच्या खांद्यावर, एक त्याच्या.
ऑर्विल गेल्या मार्चपासून
हायवेपलीकडच्या टेकडीवर राहतो, बिनभाड्यानं.
"एकट्याला दीडशे पौंड," व्हर्लिन म्हणाला, "बर्फात,"
आणि वाक्य तिथेच ठेवलं.
पुरं करायची त्याला सवय नाही.

मे महिन्यात आम्ही घर पाहून आलो.
छप्पर बरं. विहिरीला गंधकाचा वास.
मागच्या ओढ्यात ट्राउट, खरोखरचे,
सुरी फिरावी तसे वळणारे.
व्हर्लिन गुडघे टेकून पाण्याशी बोलायच्या बेतात.
मी गावात गेले,
गळाला लावायच्या गांडुळांच्या दुकानात,
आणि ऐली कोस्केलाला विचारलं
जे नकाशावर कुठल्याच रंगात नव्हतं:
इथे कुणाला आपलं हरीण जड झालं, तर?

ती गांडुळं मोजत होती, डझनाच्या डब्या, मातीसकट.
वर न बघता म्हणाली,
"कुठे पडलंय त्यावर आहे.
नदीच्या अलीकडे असलं तर मी येते.
पलीकडे असलं तर माझा भाऊ,
पण तो बोलतो फार."
मग माझ्या डबीत तेरावं गांडूळ टाकलं
आणि पैसे बाराचे घेतले.

परतताना व्हर्लिननं विचारलं,
"इस्पितळ किती लांब पडेल?"
जाताना मी घड्याळ लावून मोजलं होतं:
त्रेपन्न मिनिटं, तीही कोरड्या रस्त्यानं.
"चाळिसाच्या आसपास," मी म्हटलं,
आणि मागच्या सीटवरच्या डबीला
ऊन लागू नये म्हणून
तिच्यावर माझा कोट टाकला.